निवडून दिलेलं सरकार मोठं, की कंपनीशी झालेला करार?

माधवी_क

१९९५च्या विधानसभा निवडणुकीत कोकणातला दाभोळचा, एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा वीजप्रकल्प हा प्रचाराचा मोठा मुद्दा होता. 'एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू' ही घोषणा इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं, गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ३ ऑगस्टला मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी विधानसभेत प्रकल्प रद्द करत असल्याचं जाहीर केलं. लोकांना एक गोष्ट नको होती, त्यांनी मत दिलं, नव्या सरकारने ती थांबवली. इथवर सगळं बरोबर.

कंपनी लंडनला लवादात गेली. जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने त्याच कंपनीशी पुन्हा तडजोड केली आणि प्रकल्प लहान होण्याऐवजी मोठा झाला: आधी २०१५ मेगावॉटचा होता, तो २१८४ मेगावॉटचा झाला. मे १९९६ मध्ये दिल्लीत तेरा दिवसांचं सरकार होतं. लोकसभेत बहुमत सिद्ध झालेलं नव्हतं. पायउतार होण्याच्या तोंडावर त्या मंत्रिमंडळाने दाभोळच्या प्रतिहमीला, म्हणजे राज्याने पैसे थकवले तर केंद्राने भरायच्या हमीला, मंजुरी दिली. म्हणजे मुंबईत काँग्रेस असो की युती, दिल्लीत कुणीही असो, सही होतच राहिली.

कुणी पैसे खाल्ले, हा माझा प्रश्न नाही. त्यावर पुष्कळ बोलून झालंय आणि कोर्टात काही सिद्ध झालं नाही. माझं म्हणणं असं की मोठ्या कंपनीची खरी ताकद पाकिटात नसते, करारात असते. पाकीट एका माणसाला मिळतं. वीस वर्षांचा करार मात्र अजून निवडूनही न आलेल्या सरकारांना बांधून टाकतो. मग पुढच्या निवडणुकीत मतदाराने नेमकं काय बदलायचं? अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा.

सडेतोड

असहमत. १९९१ साली देशावर सोनं गहाण टाकायची पाळी आली होती. वीज मंडळांकडे नवे प्रकल्प उभारायला पैसा नव्हता. अशा वेळी परकीय गुंतवणूकदार हमी मागणारच. तुम्ही स्वतः ज्याची पत संपली आहे अशा माणसाला उधार द्याल का?

आणि सही कुणी केली? आपणच निवडून दिलेल्यांनी. जून १९९२ मध्ये सामंजस्य करार, ८ डिसेंबर १९९३ला वीजखरेदी करार. दोन्ही वेळा सरकार लोकनियुक्तच होतं. कंपनी नफ्यासाठी येते आणि ते ती लपवतही नाही. दर पाच वर्षांनी नवं सरकार जुने करार फाडायला लागलं तर या राज्यात कारखाना काय, टपरीसुद्धा कुणी टाकणार नाही.

टोमॅटोसार

आमच्या गावात तेव्हा लग्नाचा मुहूर्त काढताना गुरुजी पंचांगाच्या आधी वायरमनला विचारायचे. विजेची गरज खरीच होती हो.

बाकी वाचतोय. चांगला धागा.

जमाखर्च

वीजक्षेत्रातल्या हिशेबांत माझी नोकरी गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सडेतोड, गरज होती हे मान्य. पण तीन गोष्टींकडे बघा. पहिली बिलाची रचना. अशा प्रकल्पाच्या मासिक बिलात दोन मुख्य भाग असतात. पहिला क्षमता आकार, ज्याला आम्ही स्थिर आकार म्हणायचो. यंत्रं तयार स्थितीत उभी आहेत याचे हे पैसे. वीज उचला नाहीतर उचलू नका, द्यावेच लागतात. दुसरा इंधन आकार, जेवढी वीज घेतली तेवढ्याचा. दाभोळच्या करारात वीजनिर्मितीचा संच ९० टक्के उपलब्ध असला की स्थिर आकार पूर्ण लागू व्हायचा. रात्री दोन वाजता महाराष्ट्राला तेवढी वीज नको असली तरी.

आता दुसरी गोष्ट: देणं डॉलरशी बांधलेलं. करार झाला तेव्हा डॉलर साधारण ३१ रुपयांचा होता, २००१ मध्ये ४६च्या पुढे गेला. एकही युनिट जास्त न घेता तेवढ्याच डॉलरसाठी दीडपट रुपये मोजायचे. शेतकरी, यंत्रमागवाला, पिठाची गिरणी, सगळे बिल भरणार रुपयांत आणि राज्य वीज मंडळाचं देणं वाढणार डॉलरच्या हिशेबाने.

तिसरी गोष्ट इंधन. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तो नाफ्थ्यावर, म्हणजे कच्च्या तेलापासून निघणाऱ्या इंधनावर. तेलाचे भाव चढले तसा इंधन आकार चढला. २००० साली युनिटचा भाव एका टप्प्यावर सात रुपयांच्या वर गेला. कारण वीज कमी उचलली की तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर वाटला जायचा आणि दर युनिट फुगायचं. भाव फुगला म्हणून कमी उचला, कमी उचलली म्हणून भाव आणखी फुगला. मे २००१ मध्ये मंडळाने करार मोडला आणि प्रकल्प बंद पडला.

यातलं काहीही नंतर कळलेलं नाही. १९९३ मध्येच जागतिक बँकेने प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारलं होतं. पुण्याच्या 'प्रयास' गटाने आकडेमोड करून मांडलं होतं. करार मात्र बराच काळ गोपनीय होता. ज्या ग्राहकाने वीस वर्षं बिल भरायचं त्याला कागद बघायची सोय नव्हती. माझा राग एन्रॉनपेक्षा या गोष्टीवर जास्त आहे.

तांबडंफुटी

काका, स्थिर आकाराचं इतकं स्वच्छ स्पष्टीकरण पहिल्यांदा वाचलं. माझ्या घरच्या बिलातही 'स्थिर आकार' असतो, तो हाच का?

जमाखर्च

@तांबडंफुटी, नातं तेच, पातळी वेगळी. वितरण कंपनीला वीजनिर्मिती कंपन्यांना जे स्थिर आकार द्यावे लागतात, ते तुमच्या-माझ्या बिलातूनच वसूल होतात. काही तुमच्या स्थिर आकारात, काही युनिटच्या दरात.

ऋतुगंध

मी ह्यूस्टनला राहते. आम्ही इथे आलो तेव्हा गावातल्या बेसबॉलच्या नव्या मैदानाचं नाव 'एन्रॉन फील्ड' होतं. २००२ मध्ये ते बदललं. २ डिसेंबर २००१ला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि हजारो कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. निवृत्तीचा पैसा कंपनीच्याच समभागांत असलेल्यांचा तोही गेला. आमच्या मराठी मंडळातली काही घरं त्यात होती.

माधवी, तुझ्या प्रश्नाचं इथलं रूप सांगते. १९९३च्या जानेवारीत अमेरिकेच्या वायदेबाजार नियामक आयोगाने ऊर्जेच्या काही व्यवहारांना नियमांतून सूट दिली. आयोगाच्या अध्यक्षा होत्या वेंडी ग्रॅम. त्यांनी ते पद सोडलं आणि काही आठवड्यांत त्या एन्रॉनच्या संचालक मंडळावर गेल्या. भारतात अमेरिकेचे राजदूत असलेले फ्रँक विस्नर १९९७ मध्ये पद सोडल्यावर एन्रॉनच्याच एका उपकंपनीच्या संचालक मंडळावर गेले. हे बेकायदा नव्हतं. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

पुढचं अजून वाईट. २०००-०१ मध्ये कॅलिफोर्नियात विजेचा कृत्रिम तुटवडा झाला, भाव कडाडले, शहरं अंधारात गेली. एन्रॉनचे दलाल संच बंद ठेवायला सांगत होते, ते संभाषण ध्वनिमुद्रित झालेलं होतं आणि २००४ मध्ये बाहेर आलं. पण त्याआधीच, ऑक्टोबर २००३ मध्ये, मतदारांनी गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना मध्यावधी मतदानाने परत बोलावलं. वीजसंकट हे त्यांच्यावरच्या रागाचं एक मोठं कारण होतं. मतदारांच्या हाती मत होतं आणि ते पोचू शकत होतं फक्त गव्हर्नरपर्यंत.

वकिलीण

ऋतुगंध, शेवटचं वाक्य अगदी मर्मावर आहे.

लवादाबद्दल थोडं. दाभोळची गुंतवणूक मॉरिशस आणि नेदरलँड्समधल्या कंपन्यांमार्फत आलेली होती. भारताचे त्या देशांशी गुंतवणूक संरक्षणाचे करार होते, त्यामुळे वाद झाल्यावर गुंतवणूकदार आपल्या कोर्टांना बाजूला ठेवून आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाऊ शकले. एन्रॉन बुडाली, पण भागीदार बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्याशी २००५ मध्ये पैसे देऊन तडजोड करावी लागली.

अशा लवादात तीन लवादकार बसतात. त्यांना इथल्या मतदाराने निवडलेलं नसतं, इथल्या राज्यघटनेची शपथ त्यांनी घेतलेली नसते, सुनावणी बहुधा बंद दाराआड होते. २०११ मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने भारताविरुद्ध निवाडा मिळवला आणि कारण काय, तर आपल्या कोर्टांत प्रकरण फार वर्षं रखडलं. त्यानंतर सरकार जागं झालं. २०१६ मध्ये नवा नमुना करार आला, त्यात आधी पाच वर्षं देशातल्या कोर्टांत दाद मागायची अट आहे. बरेच जुने करार भारताने संपुष्टात आणले. म्हणजे बदल करता येतो. उशिरा होतो, पण होतो.

सडेतोड

मॅडम, मुद्दा पोचला. पण दुसरी बाजूही मांडतो. व्हाइट इंडस्ट्रीजला लवादात जावं लागलं कारण आपली कोर्टं वेळेत निकाल देत नाहीत. कंपनीने करायचं काय? आणि वीजचोरी, गळती, निवडणुकीआधी फुकट वीज, हे सगळं कंपन्यांनी शिकवलं का? परवानाराजात ठरावीक घराणी दिल्लीत बसून परवाने अडवायची, तेव्हाही मतदाराला कोण विचारत होतं? खाजगी भांडवल आल्यामुळेच आज बहुतेक शहरांत दिवे चालू आहेत.

दर्याकिनारी

मी गुहागर तालुक्यातला. वेलदूर, अंजनवेल, रानवी ही गावं तुमच्या चर्चेत अजून आलीच नाहीत, म्हणून लिहितोय.

वेलदूर हे मासेमारी करणाऱ्यांचं गाव. प्रकल्पाचं गरम पाणी खाडीत येणार, जेटी होणार, मासळी जाणार, ही भीती होती. बागायतदारांना आंबा-काजूची काळजी. ग्रामपंचायतींनी ठराव केले, मोर्चे निघाले. उत्तर म्हणून मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी आली, तीही पुन्हा पुन्हा वाढवली गेली. ३ जून १९९७ला पहाटे पोलिसांनी वेलदूरमध्ये घरात शिरून लोकांना उचललं, त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या, कारण पुरुष समुद्रावर गेलेले. ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ मध्ये यावर सविस्तर अहवाल काढला. बंदोबस्ताला असलेल्या राज्याच्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हे त्यात नोंदवलेलं आहे.

सडेतोड, सही आपल्या लोकांनी केली हे खरं. पण पोलीसही आपलेच होते ना? ज्या दिवशी पोलिसांचा खर्च कंपनी उचलते त्या दिवशी गावकऱ्याने तक्रार कुणाकडे करायची? मुंबईत बसून 'गुंतवणूकदाराचा विश्वास' म्हणणं सोपं आहे. गावच्या माणसाचा सरकारवरचा विश्वास कुणी मोजला नाही.

सडेतोड

@दर्याकिनारी, पोलिसांनी केलं त्याचं समर्थन कुणीही करू शकत नाही, मीही करत नाही. माझा वाद 'सगळा दोष भांडवलाचा' या सुराशी आहे. तो कायम आहे.

फोंडेकर

गोव्यातून लिहितो. अगदी त्याच काळात आमच्याकडे फोंडा तालुक्यात केरीच्या भूतखांब पठारावर ड्युपॉन्ट आणि थापर यांचा नायलॉन ६,६चा कारखाना येणार होता. पठाराखाली आमच्या बागायती, कुळागरं. सगळ्यांचं पाणी त्या डोंगराच्या झऱ्यांचं. केरी, सावईवेरे आणि आसपासच्या गावांनी पठारावर जायचा रस्ता अडवला. जानेवारी १९९५ मध्ये पोलीस गोळीबारात नीलेश नाईक हा तरुण मुलगा गेला. त्यानंतर आंदोलन इतकं पेटलं की कंपनीला गोवा सोडावा लागला, कारखाना तामिळनाडूत गेला.

म्हणून 'मतदाराने काय करायचं' याचं आमच्याकडचं उत्तर सांगतो. आमदारांवर आमचा भरवसा नव्हता, पक्ष दोन्हीकडून बोलत होते. गावं एक राहिली म्हणून काम झालं. आणि आणखी एक: कारखाना उभा राहायच्या आधी अडवलं. दाभोळला बांधकाम सुरू झाल्यावर अडवलं. तो फरक मोठा पडला असं मला वाटतं.

पेणकर

फोंडेकरांना अनुमोदन. रायगडातलं उदाहरण इथे यायलाच हवं.

महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) पेण, उरण, पनवेल भागातली जमीन घ्यायचं ठरलं होतं. एन. डी. पाटील सरांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ला सरकारने जनमत घेतलं. एखाद्या प्रकल्पाला जमीन द्यायची की नाही, हे थेट शेतकऱ्यांना विचारलं, असं या देशात किती वेळा झालंय?

आमच्या गावात मतदान शाळेत होतं. खारेपाटातल्या म्हाताऱ्या बाया सातबाऱ्याचा उतारा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरून रांगेत उभ्या होत्या. कुणी मागितला नव्हता. 'नाव माझं आहे, बघून घ्या' असं प्रत्येकीचं. आमदारकीच्या मतदानाला त्या येतात, पण अशा कधी आलेल्या मी पाहिल्या नाहीत.

निकाल सरकारने अधिकृतपणे जाहीरच केला नाही. विरोधात प्रचंड मत पडलं हे सगळ्यांना माहीत होतं. सेझ शेवटी बारगळला. पण मत घ्यायचं आणि आकडा दाबून ठेवायचा, याला काय म्हणायचं? आजही कुणी 'विकासाला लोकांचा पाठिंबा आहे' म्हटलं की मला तो न सांगितलेला आकडा आठवतो.

टोमॅटोसार

पेणकर, सातबाऱ्याचं वाचून अंगावर काटा आला.

नवखा_वाचक

हे सगळं जुनं झालं. आज जे दोन-तीन उद्योगसमूह बंदरं, विमानतळ, वीज, वाहिन्या सगळं घेऊन बसलेत त्यांच्याबद्दल लिहायची कुणाची हिंमत नाही का?

संपादक मंडळ

नवखा_वाचक, जरूर लिहा, पण ठोस माहितीनिशी. नुसती नावं आणि आरोप असलेले दोन प्रतिसाद काढले आहेत.

वकिलीण

ठोस माहिती हवी तर निवडणूक रोख्यांची घ्या. आजचीच गोष्ट आहे.

पण सुरुवात मुंबईतूनच करते. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात, म्हणजे कंपनीच्या उद्दिष्टांच्या मूळ कागदात, बदल करायचा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आलं. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्यात आडकाठी नाही म्हणून परवानगी दिली, पण हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा घोटू शकतो असा इशारा निकालपत्रातच दिला. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. २०१३च्या कंपनी कायद्यात मर्यादा होती: तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के, आणि कुठल्या पक्षाला दिले ते हिशेबात दाखवायचं.

२०१७च्या वित्त कायद्याने ही मर्यादा काढली आणि पक्षाचं नाव सांगायची सक्तीही काढली. तोट्यातली कंपनीसुद्धा हवी तेवढी देणगी देऊ शकत होती. जानेवारी २०१८ मध्ये पक्षांना देणगी देण्यासाठीचे रोखे आले, हजारापासून एक कोटीपर्यंतचे, फक्त स्टेट बँकेत मिळणारे. देणारा कोण हे मतदाराला कळणार नाही, अशीच योजना होती. १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ती घटनाबाह्य ठरवली. बँकेने माहितीसाठी ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेचं मतदान उरकल्यावर. कोर्टाने ती नाकारली आणि मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या. सर्वात मोठी खरेदीदार निघाली लॉटरीच्या धंद्यातली फ्यूचर गेमिंग, १३६८ कोटींची. दुसरी मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटींची, सरकारी बांधकामं घेणारी. सर्वाधिक पैसा भाजपला, सहा हजार कोटींच्या वर. तृणमूल, काँग्रेस, भारत राष्ट्र समिती यांनाही प्रत्येकी हजार कोटींहून जास्त.

माधवी, तू पाकीट आणि करार असे दोन वेगळे काढलेस. मला ते इतके वेगळे वाटत नाहीत. देणगी देणारा कोण आणि कंत्राट घेणारा कोण, या दोन याद्या शेजारी ठेवता आल्या तरच मतदाराला काही ठरवता येतं. न्यायालयाने मतदाराचा माहितीचा हक्क मानला तो याच कारणाने.

सडेतोड

रोख्यांच्या बाबतीत मी वकिलीणबाईंच्या बाजूला. बाजाराचा समर्थक म्हणूनच सांगतो: गुप्त देणगी देऊन कंत्राट मिळत असेल तर चांगला माल स्वस्तात देणारा उद्योजक मरतो. ती स्पर्धा नव्हे. पण करार मोडण्याबद्दलचं माझं मत तेच आहे. केलेला करार पाळायचा. करण्याआधी उघडा करायचा.

माधवी_क

सडेतोड, 'करण्याआधी उघडा करायचा' यावर तुमचं-माझं एकमत आहे, आणि मला वाटतं फोंडेकरही तेच सांगतायत. मग मूळ प्रश्न असा होतो: आज, वीजखरेदीच्याच बाबतीत, सामान्य ग्राहकाला सही होण्याआधी कुठे बोलता येतं का?

जमाखर्च

वीजखरेदीच्या खर्चावर बोलता येतं, आणि तिथे फार थोडे लोक येतात.

दाभोळच्या वेळी स्वतंत्र नियामक नव्हता. महाराष्ट्र वीज नियामक आयोग १९९९ मध्ये आला. २००३च्या वीज कायद्यानुसार दरवाढीचा अर्ज वितरण कंपनीला जाहीर करावा लागतो आणि त्यावर कुणीही ग्राहक लेखी सूचना-हरकती पाठवू शकतो. जाहीर सुनावणी होते. वीजखरेदीचा खर्च या अर्जाचा सर्वात मोठा भाग असतो. कोणत्या प्रकल्पाकडून किती वीज, स्थिर आकार किती, इंधन आकार किती, हे तक्ते त्यात असतात. वकील लागत नाही, इंग्रजीही लागत नाही. मराठीत लिहिलेली हरकतही चालते.

पूर्वी पुण्या-नाशकातल्या सुनावण्यांना यंत्रमागवाले, शेतकरी संघटना आणि ग्राहक संघटनांची तीच ती माणसं यायची. समोर कंपन्यांचे वकील आणि सल्लागार फायलींचे गठ्ठे घेऊन. मागच्या खुर्च्या रिकाम्या. कंपन्यांना बोलायची संधी मिळते हे खरं, पण आपल्याला मिळालेली आपण वापरत नाही हेही तेवढंच खरं.

दर्याकिनारी

काका, हरकत कशी लिहायची याचा एक साधा मसुदा इथे टाकाल का? आमच्या ग्रामपंचायतीकडून पाठवता येईल का तेही सांगा.

जमाखर्च

ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर चालेल, पंचायतही वीज ग्राहकच आहे. रस्त्यावरचे दिवे आणि पाणीपुरवठ्याचा पंप, दोन्हीची बिलं जोडा. या शनिवारी मसुदा टाकतो. तोवर तुमच्याकडची मागच्या वर्षीची पंपाची बिलं काढून ठेवा.

तांबडंफुटी

मी तक्ते टाइप करून देते, काका. व्यक्तिगत निरोप पाठवते.